बशीतले भ्रूण आणि गोठ्यातले रेडकू: पशु-क्लोनिंगच्या पहिल्या दिवसांचा आढावा

गोहलपूर हा जबलपूरचा उत्तरेकडचा, दाट वस्तीचा भाग. पहाटे इथल्या रस्त्यांवरून दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली जाऊ लागतात. शहराबाहेर परियट आणि गौर नद्यांच्या बाजूला म्हशींच्या मोठ्या डेअऱ्या आहेत. तिथल्या कुठल्याही मालकाशी बोलायला बसले की दहा मिनिटांत गप्पा एकाच विषयावर येतात: कुठली म्हैस माजावर आली, कुठली गाभण राहिली आणि कुठली उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. म्हशीचा माज मुका असतो. गायीसारखी ती हंबरून, उड्या घेऊन सांगत नाही. एक माज हुकला की तीन आठवडे गेले, आणि भाकड जनावराला चारा-पेंड तर रोजच लागते. म्हणून गर्भ राहणे आणि टिकणे यावर त्या घराचा महिना चालतो.

क्लोन केलेले भ्रूण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचा प्रश्नही हाच असतो, फक्त तो बराच आधी सुरू होतो. बशीतली पेशी दुभंगली का? आठव्या दिवसापर्यंत टिकली का? म्हशीच्या गर्भाशयात सोडल्यावर रुजली का? आणि तिथून सुमारे दहा महिन्यांनी धडधाकट रेडकू उभे राहिले का? या चार प्रश्नांची उत्तरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सारख्या वेगाने सुधारलेली नाहीत. पहिल्या दोनांत मोठी प्रगती झाली. शेवटच्या दोनांत ती फारच थोडी आहे. हे अंतर का पडले आणि ते कमी करण्याबद्दल कोणाचे काय म्हणणे आहे, ते इथे मांडायचे आहे.

जबलपुरात बसून हा आढावा घ्यायला एक कारण आहे. इथले पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ चे, म्हणजे नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते तेव्हाचे. विदर्भाच्या पशुवैद्यकाची मुळे त्यामुळे काही प्रमाणात इथे आहेत. नागपूरचे महाविद्यालय राज्य पुनर्रचनेनंतर, १९५८ मध्ये आले. २००९ मध्ये जबलपूरला स्वतंत्र पशुवैद्यक विद्यापीठ झाले आणि त्याला हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव मिळाले. देशातल्या क्लोनिंगचे मुख्य काम मात्र कर्नाल, हिस्सार आणि श्रीनगर इथे झाले. पण त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो अशाच म्हैसवाल्या शहरांत आणि खेड्यांत होणार आहे.

बेडकापासून डॉलीपर्यंत

एका प्रौढ पेशीच्या केंद्रकातून पुन्हा अख्खा जीव उभा राहू शकतो का, हा प्रश्न प्रथम बेडकांवर तपासला गेला. १९५२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या पेशीचे केंद्रक, केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत बसवले. पुढे जॉन गर्डन यांनी बेडकाच्या विशेषीकृत पेशींच्या केंद्रकांतूनही वाढ होते हे दाखवले. त्या कामाला २०१२ चे नोबेल मिळाले. पाळीव जनावरांत १९८६ मध्ये स्टीन विलाडसेन यांनी मेंढीच्या भ्रूणपेशींपासून कोकरे जन्माला घातली.

५ जुलै १९९६ रोजी एडिनबरोजवळच्या रॉसलिन संस्थेत डॉली जन्मली आणि मग साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. तिची बातमी सगळ्यांना आठवते. तिच्यामागचे आकडे मात्र सहसा कोणी सांगत नाही. २७७ अंडपेशींत प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशी जोडल्या गेल्या. त्यांतून २९ भ्रूणे पुढच्या टप्प्यापर्यंत वाढली. ती १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडली आणि एक कोकरू जन्मले. या विषयावरचे बहुतेक संशोधन २७७ वरून २९ वर आणि २९ वरून १ वर येणाऱ्या या दोन घसरणींभोवती फिरते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दोन्ही घसरणींची कारणे एकच असतील असे नाही.

१९९८ मध्ये जपानच्या किंकी विद्यापीठात योको काटो आणि सहकाऱ्यांनी प्रौढ गायीच्या पेशींपासून दहा भ्रूणे गायींमध्ये सोडली आणि आठ वासरे जन्मली. हे यश त्या काळात अविश्वसनीय वाटले. पण आठांपैकी चार वासरे जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच दगावली. गाभण राहण्याचा आकडा उत्तम आणि जगण्याचा आकडा निम्मा, हे चित्र तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आले आहे.

पहिल्या आठ दिवसांत काय घडते

नेहमीच्या फलनात शुक्रपेशी आणि अंडपेशी दोघींची केंद्रके या कामासाठीच घडलेली असतात. क्लोनमध्ये मात्र कानाच्या कातडीतली एखादी पेशी आणून तिला सांगायचे असते की आजवर तू कातडी होतीस ते विसर आणि पहिल्यापासून सुरुवात कर. त्या पेशीच्या डीएनएमध्ये सगळी माहिती शाबूत असते. अडचण ही की त्यातला मोठा भाग कुलूपबंद असतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरच्या खुणा आणि डीएनएवरचे मिथाइलचे टिळे ही ती कुलुपे. कातडीच्या पेशीने हृदयाचे किंवा मेंदूचे जनुक उघडू नये म्हणून निसर्गाने ती लावलेली असतात. अंडपेशीतल्या द्रव्यात ती उघडण्याची ताकद असते, पण तिला वेळ फार थोडा मिळतो.

गाय-म्हशीच्या भ्रूणात सुरुवातीच्या विभाजनांचा कारभार आईने अंडपेशीत साठवून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. साधारण आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर भ्रूणाला स्वतःची जनुके चालू करावी लागतात. उंदरात हे दोन पेशींवरच होते, म्हणजे उंदराच्या क्लोनला आणखी कमी वेळ मिळतो. तो क्षण येईपर्यंत कुलुपे उघडली नसतील तर भ्रूण तिथेच थांबते. त्यातून पुढे गेले तर सातव्या-आठव्या दिवशी पोकळ चेंडूसारखा ब्लास्टोसिस्ट तयार होतो. त्याच्या आतल्या पेशींच्या गठ्ठ्यातून वासरू घडते आणि बाहेरच्या थरातून वार. या बाहेरच्या थराला पुढे फार महत्त्व येणार आहे.

कर्नालची हातकापी पद्धत

या वाटचालीत भारताचा वाटा म्हशीचा आहे आणि तो अस्सल आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्येच ‘प्रथम’ हे टेस्ट-ट्यूब रेडकू जन्मले होते. अंडपेशी बशीत परिपक्व करण्याची आणि भ्रूण वाढवण्याची घडी तिथे बसलेली होती. दैहिक पेशीपासून म्हशीचे क्लोनिंग चीनमध्ये ग्वांगशी विद्यापीठाच्या गटाने केले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी महागडी सूक्ष्महस्तक यंत्रे लागतात, आणि ती चालवणारा तयार हात त्याहून दुर्मीळ. कर्नालच्या गटाने दुसरी वाट घेतली.

मूळचे हंगेरीचे गाबोर वायटा यांनी डेन्मार्कमध्ये २००१ च्या सुमारास ‘हॅन्डमेड’, म्हणजे हातकापी क्लोनिंगची पद्धत बसवली होती. अंडपेशीभोवतीचे पारदर्शक कवच विकराने विरघळवायचे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, हातात धरलेल्या बारीक पात्याने अंडपेशीचा केंद्रक असलेला भाग कापून काढायचा. उरलेल्या तुकड्यांना दात्याची पेशी चिकटवायची, विजेच्या झटक्याने जोडायची आणि रसायनाने ‘फलन झाले’ असा निरोप द्यायचा. लाखो रुपयांच्या यंत्राचे काम सराईत हाताने करण्याची ही युक्ती आपल्याकडच्या प्रयोगशाळांना मानवली.

या पद्धतीने ६ फेब्रुवारी २००९ रोजी कर्नालला पहिले क्लोन रेडकू जन्मले. ते पाचएक दिवसच जगले. ६ जूनला ‘गरिमा’ जन्मली आणि दोन वर्षांहून थोडे अधिक जगली. २२ ऑगस्ट २०१० ची ‘गरिमा-२’ भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेली होती. ती मोठी झाली, नेहमीसारखी गाभण राहिली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिने ‘महिमा’ या रेडीला जन्म दिला. क्लोन म्हैस स्वतः विऊ शकते, हे त्या दिवशी कर्नालमध्ये दिसले. त्याच वर्षी ‘स्वर्ण’ हा रेडा वीर्यात सापडणाऱ्या दैहिक पेशींपासून जन्मला. दात्याच्या अंगाला हात न लावता, साठवलेल्या वीर्याच्या कांडीतून पेशी मिळवता येतात, हा त्यातला मोठा धडा. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात ९ मार्च २०१२ रोजी ‘नूरी’ ही पश्मिना शेळी जन्मली. हिस्सारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत ११ डिसेंबर २०१५ रोजी ‘हिसार-गौरव’ जन्मला, आणि पुढे २०१९-२० मध्ये त्याच संस्थेने एम-२९ या एकाच वळूच्या सात प्रती जन्माला घातल्या. एम. एस. चौहान, एस. के. सिंगला, आर. एस. माणिक, पी. पाल्टा आणि त्यांच्यानंतर पी. एस. यादव, नरेश सेलोकर या शास्त्रज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत.

गायीची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. म्हशीचे अंडाशय कत्तलखान्यातून मिळतात आणि दिवसाला शेकडो अंडपेशी हाताशी येतात. गोवंश हत्याबंदी असलेल्या राज्यांत गायीसाठी ती वाट नाही. म्हणून १६ मार्च २०२३ रोजी जन्मलेल्या ‘गंगा’ या गीर वासरासाठी कर्नालच्या शास्त्रज्ञांनी जिवंत गायींच्या अंडाशयांतून, अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर बघत, सुईने अंडपेशी ओढून घेतल्या. ही पद्धत जनावराला जिवंत ठेवते आणि अंडपेशी कुणाची हे नेमके कळते. पण एका वेळी हाती येणाऱ्या अंडपेशी मोजक्याच असतात. देशी गायीच्या क्लोनिंगचा वेग यापुढे प्रयोगशाळेच्या कौशल्याइतकाच या पुरवठ्यावर ठरेल, असे मला वाटते.

सुधारणेच्या चार वाटा

भ्रूणाची सुरुवातीची वाढ कशी सुधारावी याबद्दल संशोधकांत ढोबळ मानाने चार मते आहेत. ती एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. पैसा आणि कष्ट आधी कुठे घालावेत, यावर मात्र त्यांचे एकमत नाही.

पहिले मत अंडपेशीवर भर देते. बाकी काहीही करा, अंडपेशी निकृष्ट असेल तर व्यर्थ, असे हे लोक म्हणतात. म्हशीच्या बाबतीत या म्हणण्याला वजन आहे. तिच्या अंडाशयात बीजांडांचा मूळ साठाच गायीपेक्षा खूप कमी असतो आणि अंडपेशी चरबीच्या थेंबांनी काळसर भरलेली असते. उन्हाळ्यात म्हैस माजावर येणे कमी होते हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक आहे. त्या दिवसांतल्या अंडपेशींचा दर्जाही घसरतो. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयाची म्हैस किती वयाची, कुठल्या जातीची, कधी व्यायलेली, हे काहीच माहीत नसते. तेव्हा परिपक्वतेचे माध्यम, चोवीस तासांचे वेळापत्रक, अंडपेशीभोवतीच्या पेशींचा थर पाहून केलेली निवड, यांत घातलेली मेहनत सर्वांत स्वस्तात फळ देते, असा त्यांचा अनुभव आहे.

दुसरे मत दात्याच्या पेशीकडे बघते. डॉलीच्या वेळी इयन विल्मुट आणि कीथ कॅम्पबेल यांनी पेशींचे पोषण तोडून त्यांना विश्रांतीच्या अवस्थेत आणले होते. त्यामुळे दाता आणि अंडपेशी यांचे घड्याळ जुळते. पेशी कानातली घ्यावी, शेपटीखालची की वीर्यातली? ताज्या पेशी बऱ्या की बशीत अनेक पिढ्या वाढवलेल्या? मूलपेशींची कुलुपे मुळातच सैल असतात म्हणून त्या बऱ्या असाव्यात, असा तर्क आहे आणि गरिमा-२ हे त्याचे उदाहरण म्हणून दिले जाते. पण एका जनावरावरून नियम बांधता येत नाही. एकाच वळूच्या दोन पेशीसमूहांतून निघणारे निकाल कधी कधी दोन वेगळ्या जातींइतके निराळे असतात. त्याचे कारण आधी ओळखता येईल अशी खात्रीची चाचणी अजून नाही.

तिसरे मत कुलुपांचे. गेल्या वीस वर्षांत सर्वाधिक नवे ज्ञान इथे आले आणि माझ्या मते सर्वांत सावध वाचनाची गरजही इथेच आहे. २००६ मध्ये जपानमध्ये तेरुहिको वाकायामा यांच्या गटाने क्लोन उंदरांच्या भ्रूणांना काही तास ट्रायकोस्टॅटिन-ए हे औषध दिले. ते हिस्टोनांवरची गुंडाळी सैल करते. यश पूर्वीच्या कित्येक पट वाढले. मग स्क्रिप्टेड, व्हॅल्प्रोइक आम्ल, जीवनसत्त्व-सी अशी रांगच लागली. गाय, म्हैस, डुक्कर, शेळी, सर्वांवर ती वापरून झाली. काही प्रयोगशाळांत ब्लास्टोसिस्ट वाढले, काहींत नाही. मात्रा थोडी वाढली की भ्रूण मरते. शिवाय ही औषधे निवडक कुलूप उघडत नाहीत, एकदम सगळी दारे खिळखिळी करतात, ही टीकाही रास्त आहे.

नेमके कुलूप कोणते, हे दोन टप्प्यांत कळले. २०१० मध्ये जपानी गटाने दाखवले की क्लोन उंदरांत ‘झिस्ट’ हे जनुक चुकीच्या एक्स गुणसूत्रावर चालू होते आणि शेकडो जनुके उगाच गप्प बसतात. तो दोष काढला की जन्माचे प्रमाण आठ-नऊ पट होते. डुकरांतही पुढे याच दिशेचे निकाल आले. २०१४ मध्ये मातोबा आणि झांग यांनी हिस्टोन एच-३ च्या नवव्या लायसिनवरची तिहेरी मिथाइल खूण हा मुख्य अडसर ठरवला आणि ती पुसणारे विकर अंडपेशीत टोचून तो दूर केला. चीनमध्ये २०१७ च्या अखेरीस जन्मलेल्या झोंग झोंग आणि हुआ हुआ या माकडांच्या क्लोनमागे हेच विकर आणि ट्रायकोस्टॅटिन-ए ही जोडी होती. गायीच्या भ्रूणातही याच कुळातल्या विकराची कमतरता दिसली आणि ती भरून काढल्यावर वाढ सुधारली. म्हशीच्या गोठ्यापर्यंत हे पोचायला मात्र प्रत्येक अंडपेशीत सुईने टोचण्याचे कौशल्य लागते, म्हणजे हातकापी पद्धतीने वाचवलेला खर्च इथे परत येतो.

चौथे मत बशीतल्या वातावरणाचे. कवच नसलेली हातकापी भ्रूणे एकमेकांना चिकटतात किंवा विस्कटतात. वायटा यांनी त्यासाठी बशीच्या तळाशी इवले खळगे करून प्रत्येक भ्रूणाला स्वतंत्र घर दिले. हवेतल्या वीस टक्क्यांऐवजी पाच टक्के प्राणवायू, सीरमचा मर्यादित वापर, मेलॅटोनिनसारखे ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ, दोन-तीन क्लोन भ्रूणे एकत्र जोडून एक करणे, असे अनेक उपाय आहेत. यांत चमत्कार कमी आणि शिस्त जास्त. सीरमबद्दलची सावधगिरी तर अनुभवातून आली. त्याने बशीत भ्रूण लवकर फुगते, पण पुढे वासरू अवाढव्य होण्याचा धोका वाढतो.

आठव्या दिवसानंतर

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. या क्षेत्रातले बहुसंख्य प्रयोग आठव्या दिवशी संपतात. ब्लास्टोसिस्ट किती टक्के झाले, त्यात पेशी किती, किती मेल्या, हे मोजून निष्कर्ष लिहिला जातो. हातकापी पद्धतीने म्हशीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास नेता येते. साध्या आयव्हीएफच्या तोडीचाच हा आकडा आहे. तरीही जिवंत वासरांचा हिशेब बघितला की चित्र बदलते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये गायीसाठी एकूण यश सुमारे दहा टक्के आणि डुकरासाठी सुमारे सहा टक्के धरले होते. न्यूझीलंडच्या अॅगरिसर्च संस्थेने जनावरांच्या मृत्यूचे प्रमाण मान्य होण्याजोगे नाही म्हणून २०११ मध्ये क्लोनिंगचे प्रयोग थांबवले.

गर्भ का जातात? बहुतेक बोटे वारेकडे जातात. गाय-म्हशीची वार गर्भाशयाच्या भिंतीला ठिकठिकाणच्या गाठींनी जोडलेली असते. क्लोन गर्भात या गाठी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या आढळतात. पहिल्या तीन महिन्यांत बरेच गर्भ शांतपणे विरतात. डेअरीवाला म्हणेल, म्हैस उलटली. शेवटच्या महिन्यांत काहींत पाणी प्रमाणाबाहेर साठते, पोट ढोलासारखे होते आणि आई-वासरू दोघेही धोक्यात येतात. जन्मलेले वासरू कधी वाजवीपेक्षा खूप जड असते, त्याची फुप्फुसे अर्धवट तयार असतात, नाळ जाड असते. पशुवैद्यकांना हे ‘मोठ्या वासराचा लक्षणसमूह’ म्हणून परिचित आहे. आईकडून आणि बापाकडून वेगवेगळी मुद्रा घेऊन येणाऱ्या जनुकांचा गोंधळ त्यामागे आहे, हे बरेचसे मान्य झाले आहे.

उंदरांवरच्या २०१८ च्या कामात दिसले की क्लोन भ्रूणात यांपैकी काही मुद्रा मुळातच नसतात, कारण त्या अंडपेशी घडताना उमटतात आणि कातडीच्या पेशीत त्या शिल्लक राहत नाहीत. म्हणजे कुलूप उघडून भागत नाही. एक पान आधीच फाटलेले असते. यावर २०२४ मध्ये चिनी गटाने वेगळीच युक्ती केली. क्लोन भ्रूणाचा बाहेरचा थर काढून टाकला आणि साध्या फलनातून बनलेल्या भ्रूणाचा थर त्याच्यावर चढवला, म्हणजे बाळ क्लोनचे आणि वार नेहमीची. ११३ भ्रूणांतून एक रीसस माकड जन्मले आणि वाढले. गाय-म्हशीत हे व्यवहार्य ठरेल का, यावर मतभेद आहेत. पण दोष वारेत आहे या निदानाला त्याने बळ दिले, एवढे नक्की.

जी वासरे पहिले काही महिने पार करतात ती पुढे बहुतेक नेहमीसारखीच जगतात. नॉटिंगहॅममध्ये २०१६ मध्ये केविन सिंक्लेअर यांनी सात ते नऊ वर्षांच्या तेरा क्लोन मेंढ्या तपासल्या. त्यांत डॉलीच्याच पेशींपासून बनलेल्या चार होत्या. अकाली म्हातारपणाची भीती त्यांत खरी ठरली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये क्लोन गाय, डुक्कर, शेळीचे दूध-मांस नेहमीच्या जनावरांइतकेच सुरक्षित असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये युरोपीय संसदेने क्लोनिंगवर बंदीच्या बाजूने मत दिले. तिचा मुख्य आक्षेप अन्नाविषयी नसून जनावरांच्या हालांविषयी होता. हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. वादात ते सारखे एकत्र कालवले जातात.

हे कुणासाठी?

क्लोनिंगच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद वळूचा आहे. वळू चांगला की वाईट हे त्याच्या लेकींच्या दुधावरून ठरते. त्या लेकी जन्मून, मोठ्या होऊन, विऊन दूध देईपर्यंत वळू म्हातारा झालेला असतो किंवा मेलेला. सिद्ध झालेल्या वळूची प्रत मिळाली तर त्याच्या वीर्याच्या कांड्या पुन्हा हजारोंनी मिळू शकतात. भ्रूणांचे अपयश इथे परवडते, कारण एकाच यशस्वी प्रतीतून रेतनाने असंख्य गोठ्यांत पोचता येते. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ आणि तिच्यासारख्या संस्थांनी दारोदार पोचवलेली कृत्रिम रेतनाची सेवा हा त्यासाठी तयार असलेला रस्ता आहे.

याला उत्तर देणारे पैदासतज्ज्ञ म्हणतात की वळूची किंमत आता जन्मल्याबरोबर डीएनए चिपवरून अंदाजता येते. गायीसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशीसाठी ‘महिष चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्येच देशाला अर्पण झाल्या. तरुण वळू लवकर निवडा, त्यांच्यापासून आयव्हीएफ करा, पुढची पिढी आधीपेक्षा सरस मिळेल. प्रत काढणे म्हणजे मागच्याच पिढीत थांबणे. हा मुद्दा मला भक्कम वाटतो, पण त्याला एक मर्यादा आहे. चिपचा अंदाज ज्या नोंदींवर उभा राहतो त्या मुऱ्ह्यासारख्या जातींच्या जास्त आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी म्हशींच्या कमी आहेत. कोल्हापूरच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्या गवळ्याची तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस किती दूध देते, याची पिढ्यांची वही त्याच्या डोक्यात आहे, संगणकात नाही.

जात टिकवण्याचा तिसरा पक्षही आहे. वर्धा-नागपूरपासून शिवनी, छिंदवाडा, बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ गाय ही जबलपूरच्या शेजारचीच. अशा घटत्या जातींच्या पेशी आजच गोठवून ठेवाव्यात, यावर जवळपास सर्वांचे एकमत दिसते. त्यांतून लगेच क्लोन बनवावेत का, यावर नाही. काही मोजक्या जनावरांच्या प्रती वाढवल्याने संख्या वाढते, विविधता वाढत नाही.

रानम्हशीच्या प्रकरणात हे प्रश्न उघडे पडले. छत्तीसगडच्या उदंतीतल्या ‘आशा’ या रानम्हशीच्या पेशीपासून १२ डिसेंबर २०१४ रोजी कर्नालला ‘दीपआशा’ जन्मली आणि पुढे तिला रायपूरच्या जंगल सफारीत नेले. ती वाढल्यावर मुऱ्ह्यासारखी का दिसते, ही खरेच रानम्हैस का, असे प्रश्न जाहीरपणे विचारले गेले. अंडपेशी पाळीव म्हशीची होती, म्हणजे तिच्यातली मायटोकाँड्रिया त्या म्हशीकडून आलेली, हे तर पद्धतीतच आहे. गडचिरोलीत कोलामार्काच्या जंगलात आणि इंद्रावतीच्या पलीकडे रानम्हशी अजून मोकळ्या फिरतात. तिथल्या वनरक्षकांना क्लोनपेक्षा आधी पाळीव म्हशींशी होणारा संकर आणि रोग थांबवायचे आहेत, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

न सुटलेले

पहिली गाठ मोजमापाची आहे. दर शंभर अंडपेशींमागे दूध सोडलेले, धडधाकट वासरू किती, हा एकच आकडा सर्व वाटांची तुलना करू शकतो. त्याबरोबर किती म्हशींमध्ये भ्रूणे सोडली, किती उलटल्या, किती गाभडल्या, किती व्याल्या आणि त्यांतल्या किती म्हशींना स्वतःला इजा झाली, हेही लागेल. जन्मलेल्या रेडकाचे नाव आणि फोटो वर्तमानपत्रात येतात. न जन्मलेल्यांची वही बाहेर येत नाही. पंधरा वर्षांच्या भारतीय कामाचा हा ताळेबंद एकत्र मांडला गेला तर कुठली युक्ती खरेच उपयोगी पडली, हे कळेल.

दुसरी गाठ जातीजातींच्या फरकाची. उंदरातले औषध गायीत आणि गायीतले म्हशीत तसेच चालेल, असे गृहीत धरून बरीच वर्षे गेली. उंदरात ज्या मुद्रांच्या अभावाने वार बिघडते, त्या गाय-म्हशीत त्याच जागी तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत की नाहीत, हे अजून ठरायचे आहे. हातकापी पद्धतीत दोन वेगळ्या अंडपेशींचे तुकडे जोडले जातात, म्हणजे क्लोनमध्ये दोन म्हशींची मायटोकाँड्रिया येतात. त्याचा दुधावर किंवा आयुष्यावर काही परिणाम होतो का, हा प्रश्नही तसाच आहे. आणि सरोगेट म्हशीची निवड, तिचा आहार, भ्रूण सोडण्याचा नेमका दिवस यांवर प्रयोगशाळेतल्या माध्यमांच्या मानाने फारच थोडे काम झाले आहे. गाभण म्हैस सांभाळणाऱ्याला यातले पुष्कळ कळते. त्याला कोणी विचारलेले मला दिसले नाही.

हिस्सारच्या सात रेड्यांमध्ये यातल्या काही प्रश्नांची उत्तरे दडलेली असू शकतात. जनुकसंच एकाच एम-२९ चा, पण अंडपेशी वेगळ्या आणि दहा महिने वाढवणाऱ्या म्हशीही वेगळ्या. त्यांची जन्मवजने, वाढ, वीर्याचा दर्जा आणि पुढे त्यांच्या लेकींच्या दुधाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर बशीतल्या आठ दिवसांचा आणि गर्भाशयातल्या दहा महिन्यांचा वाटा वेगळा काढता येईल. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती गावोगावच्या रेतन केंद्रांवरची वही, ज्यात कांडीचा क्रमांक, रेतनाची तारीख आणि म्हैस गाभण राहिली की उलटली, हे नियमाने लिहिलेले असेल.